बुचाचा उंदीर

ऑकलंडच्या धक्क्यावर, पक्ष्यांच्या बेटाकडे जाणाऱ्या बोटीत चढण्याआधी, डेसचे बूट ब्रशने घासून झाले, पिशवी झटकून झाली, तरी मेरेआनाचं समाधान होईना.

"खिसे दाखवा."

"अगं बाई, मी काय खिशात उंदीर घेऊन फिरतो?"

मेरेआनाचा चेहरा उतरला. हुइयाने मेहुण्याला कोपराने ढोसलं. देवाने अक्कल वाटली तेव्हा डेस बहुधा झोपला होता.

खासगी तपासनीस हुइयाला मेरेआनाने बोलावलं होतं ते उंदरासाठीच. पक्ष्यांच्या त्या बेटावर पर्यटकांना नेणारी एकच बोट, मेरेआनाची. काल निसर्गसंवर्धन खात्याच्या बाईंसोबत तिने, उंदीर शिरलाच तर कळावा म्हणून ठेवलेला, पाहणीचा डबा उघडला होता. लांबट डबा, मधे शाई आणि पीनट बटर, दोन्ही बाजूंना पांढरा पुठ्ठा. पुठ्ठ्यावर उंदराची पावलं!

"आमच्या तकाहे पक्ष्यांना उडता येत नाही, मावशी. उंदीर शिरला तर अंडंसुद्धा उरायचं नाही," बोट हाकता हाकता ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत उलगडा झाला नाही तर बाई उन्हाळाभर बेट बंद करणार. मग माझी बोट संपलीच."

डबा तसाच ठेवला होता, तकाहेच्या घरट्यालगत, पायवाटेच्या कडेला. हुइया पावलांकडे बराच वेळ बघत राहिली.

"सगळी डावी," ती पुटपुटली. "डेस, वास घे."

"ताजं आहे. पाव असता तर लावून खाल्लं असतं."

पुढच्या डब्यांतलं पीनट बटर मात्र वाळून कडक झालं होतं.

काल बेटावर तिघेच मुक्कामाला होते. पहिला ट्रेव्हर. शेजारच्या द्राक्षमळ्यांच्या बेटावर बोट नेणारा, इंजिन बिघडल्याने इथे अडकलेला.

"हे बेट बंद झालं तर तुमची चांदी," हुइया म्हणाली.

"झाली तर नको कशाला म्हणू? पण तुमच्या डब्यांना मी हात लावत नाही. काय ठेवता त्यात, चीज?"

दुसरी फोटो काढणारी लिनली. "बेट बंद झालं तर मलाच हाकलतील! घरट्याच्या फार जवळ जाते म्हणून कोरो ओरडतात. पण सगळेच जातात."

कोरो म्हणजे मेरेआनाचे आजोबा, बेटाचे राखणदार रावीरी. ते पायरीवर बसून बुचाच्या तुकड्यातून पक्षी कोरत होते.

"डबे तुम्हीच बघता?"

"मीच. डबा उघडला की शिळं पुसायचं, ताजं घालायचं. हाताला वळणच पडलंय."

संध्याकाळी हुइयाने सगळ्यांना बेटाच्या धक्क्यावर बोलावलं. खात्याच्या बाईही आल्या.

"बेटावर उंदीर नाही," ती म्हणाली. "चार पायांचा प्राणी नुसत्या डाव्या पायाने चालत नाही. तो ठसा आहे, एकच, पुन्हा पुन्हा मारलेला. आणि पीनट बटर सोडून जाणारा उंदीर अजून जन्मायचाय."

"मग ट्रेव्हर!" डेस म्हणाला.

"ट्रेव्हरला डब्यात काय असतं तेच ठाऊक नाही. लिनलीला बेट उघडंच हवंय. ठसा मारणाऱ्याने जाता जाता शिळं पुसून ताजं घातलं. खोटं करतानाही ज्याच्या हाताला काम चुकवता येत नाही, असा इथे एकच माणूस आहे. बूचही तोच कोरतो."

कोरोंनी खिशातून बुचाचं इवलंसं पाऊल काढलं.

"घरट्यापाशी लोकांची जत्रा. मादी अंड्यांवर बसेना. वाट बंद करा म्हणून ऑफिसात घसा कोरडा केला, कुणी ऐकलं नाही. म्हटलं, म्हाताऱ्याचं ऐकत नाहीत, उंदराचं ऐकतील. पण वाटेऐवजी बेटच बंद करतील, हे डोक्यात आलं नाही गं."

"आणि काल तुम्ही गप्प बसलात, कोरो? माझी बोट जात होती!" मेरेआनाचे डोळे भरले.

"लाज वाटली, पोरी."

खात्याच्या बाई खाकरल्या. ऑफिसात ऐकलं नव्हतं ते त्यांनीच. "वाट बंद," त्या म्हणाल्या. "बेट चालू. आणि कोरो, पुढच्या वेळी आरडाओरडा करा, पण उंदीर नको."

मेरेआनाने आजोबांच्या हातातून बूच घेतलं आणि बोटीच्या चाकाशी टांगलं.

"शनिवारी शाळेची पोरं येणारेत. बेटावर उंदीर आहे का, विचारतील."

"काय सांगशील?"

"एक होता म्हणेन. नातीला सोडून सगळ्यांशी बोलायचा." तिने डोळे पुसले. "शनिवारी त्या वाटेवर दोर धरून तुम्हीच उभं राहायचं, कोरो."

"उभा राहतो," कोरो म्हणाले आणि दोर आणायला निघालेसुद्धा.