नासारियोसाठी टांगलेलं जेवण

दिवा बारीक करा, आणि झुल्यात पडलेल्यांनी जागं राहायचं. अर्ध्यात घोरणारा श्रोता मला चालत नाही. उद्या सकाळी तुम्ही सगळे पर्यटकांना पिरॅमिड दाखवाल, हजार वर्षांपूर्वी मेलेल्या राजांची नावं घडाघडा म्हणाल. ते तुम्हाला तोंडपाठ. घरातल्या मेलेल्या माणसाशी कसं वागावं, ते मात्र कुणी शिकत नाही. गास्पारही शिकला नव्हता.

गास्पार तुयुब माझ्याबरोबर वीस वर्षं व्हॅन चालवायचा. गोष्ट त्याची. अर्धी त्यानं सांगितली, अर्धी त्याच्या मोठ्या बहिणीनं, एलोदियानं.

साल २०१९. नोव्हेंबरची पहिली तारीख, मेलेल्यांना जेवू घालायचा दिवस, शुक्रवार. दुपारी चार वाजता गास्पारनं हॉटेलातून एका डच जोडप्याला उचललं. दोघं साठीचे, गोड स्वभावाचे. आदल्या दिवशी खाडीतले रोहित पक्षी पाहून झाले होते, त्या दिवशी सकाळी पिरॅमिड झाले होते. सुट्टीची शेवटची संध्याकाळ म्हणून त्यांना एकांतात पोहायचं होतं आणि पानात भाजलेलं गावचं जेवण चाखायचं होतं. गास्पार म्हणाला, माझ्याकडे दोन्ही आहे.

पाणी होतं, हे खरं. एलोदियाच्या रानातलं सेनोते. वर विहिरीएवढं तोंड आणि खाली देऊळ मावेल एवढं पाणी. पण ते गास्पारचं नव्हतं. ते एलोदियाच्या नवऱ्याचं, नासारियोचं. गास्पारला तिथं पर्यटक आणायचे होते आणि नासारियो ऐकत नव्हता. ज्याचं पाणी त्याला विचारल्याशिवाय त्यात कुणी उतरायचं नाही, असं त्याचं म्हणणं. नासारियो मोठा थट्टेखोर माणूस. गाळ काढायला दोरानं खाली उतरायचा आणि वर ओढणाऱ्या गास्पारला खालून चिडवायचा, "काय रे मेव्हण्या, सकाळी पोसोल प्यायला नाहीस वाटतं?" मक्याच्या पिठाच्या त्या पोसोलचा वाडगा ढोसल्याशिवाय अंगात जोर येत नाही, ही आपल्याकडची समजूत.

२०१५च्या मार्चमध्ये नासारियो असाच खाली उतरला, तो वर आलाच नाही. दोर हातातून सरकला, असं गास्पारनं सांगितलं. मृतदेहही मिळाला नाही. दु:खाच्या भरात गास्पारनं तो दोर जाळून टाकला, आणि वर्ष उलटायच्या आत तिथं लोखंडी जिना बसवला. एलोदिया त्याला दर वर्षी एकच प्रश्न विचारायची, "कसा रे सरकला?" तो म्हणायचा, "ताई, भार आला एकदम."

संध्याकाळी सहाच्या सुमाराला पाहुणे पोहून वर आले. तोंडाशी रामोनचं झाड आहे. त्याच्या फांदीला केळीच्या पानात बांधलेलं जेवण टांगलं होतं, शेजारी भोपळ्याच्या वाडग्यात आटोल, मक्याची पेज. म्हातारीनं विचारलं, हे काय आहे?

तुम्हाला सांगायला नको. ज्याला घरात मरण आलं नाही त्याचं ताट घरात मांडत नाहीत, बाहेर झाडाला टांगतात. त्याचं जेवण होईपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. एलोदियानं ते दुपारीच टांगलं होतं. पण गास्पारनं पाहुण्यांना काय सांगावं? तुम्ही आत्ता ज्या पाण्यात डुंबलात त्यात माझा दाजी आहे, असं? शिवाय जेवण कबूल केलेलं, आणि त्याच्या स्वतःच्या घरी त्या दिवशी चूलही पेटली नव्हती.

तो म्हणाला, "हे तुमच्यासाठीच."

आणि काढलं की ओ त्यानं! फांदीवरून उतरवून पान सोडलं. कोंबडी, मक्याचं जाड आवरण, आचिओतेचा लाल रस, वर हाबानेरो मिरची. एलोदियाच्या हाताचं. मी खाल्लंय ते, डोळ्यांत पाणी येतं.

म्हातारीनं दोन घास खाल्ले. मग भिडस्तपणे विचारलं, तुमच्याकडे मीठ-तिखट घालत नाहीत का?

गास्पारनं एक तुकडा तोंडात टाकला. मिरची चावली. काही नाही. ओला कागद चघळावा तसं.

हसू नका. मेलेला जेवून उठला की चव त्याच्याबरोबर जाते, हे तुमच्या आज्यांनाही माहीत आहे. म्हणजे नासारियो येऊन जेवला होता. ते तिथं बसले होते तेव्हा तोही तिथंच होता.

गास्पारनं पाहुण्यांना घाईनं उठवलं आणि रस्त्यावर व्हॅनमध्ये नेऊन बसवलं. सव्वासात झाले होते. तेवढ्यात त्याला आठवलं, पान आणि वाडगा झाडाखालीच राहिलाय. सकाळी ताईनं पाहिलं तर? तिच्या नजरेला नजर द्यायचं त्याच्यात बळ नव्हतं. "दोन मिनिटांत आलो," म्हणाला आणि बॅटरी घेऊन परत गेला.

पान गोळा केलं. वाडगा उचलला.

आणि बॅटरी गेली.

रातकिडे... तेही थांबले.

खालून पाणी हललं. एकदाच.

"मेव्हण्या..."

गास्पार जागचा हलला नाही.

"ओढ की रे. दमलो मी."

आवाज तोच. थट्टेचा, हसरा. चार वर्षं पाण्यात राहिलेला.

गास्पार म्हणाला, "दाजी, चुकलो." तेवढंच जमलं त्याला.

"सकाळी पोसोल प्यायला नाहीस वाटतं?"

अंधारात काहीतरी त्याच्या दोन्ही तळव्यांत येऊन पडलं. खरखरीत. ओलं. आणि एकदम भार आला.

"धर हं... या खेपेला धर."

त्यानं धरलं. टाच झाडाच्या मुळात रुतवून धरलं. मग ते पळायला लागलं. खाली. सोडावं म्हटलं, तर मुठी उघडेनात. बंद मुठींतून पळत होतं... खाली... खाली. पाणी तीस हातांवर. दोर पळून पळून किती पळेल?

पळतच राहिला.

खालून हसणं येत होतं.

रस्त्यावर पाहुण्यांनी नऊ वाजेपर्यंत वाट पाहिली. त्यांना काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. शेवटी म्हातारा चालत गावात गेला आणि पहिल्या उघड्या दारात शिरला. दार एलोदियाचं होतं. ती कंदील घेऊन आली.

गास्पार सेनोतेच्या काठावर उभा होता. अंग मागे झुकलेलं, मुठी छातीशी आवळलेल्या. हातात काहीच नव्हतं. तिनं त्याचं एकेक बोट सोडवलं. तळव्यांना कातडी नव्हती. हाडापर्यंत सोलवटले होते.

एलोदिया रडली नाही. तिनं कंदील तळव्यांजवळ धरला. मग म्हणाली, "त्या दिवशी तुझे हात मीच धुतले होते, गास्पार. साधा ओरखडा नव्हता. दोर सरकला असता, तर तेव्हाच असे झाले असते."

तिसऱ्या दिवशी गास्पारनं गाव सोडलं. जिना तिनं कापून काढला.

हात कसे सोलले, त्यावर डॉक्टर काय म्हणायचं ते म्हणोत. पण त्या रात्री तिनं त्याच्या उजव्या तळव्यातल्या मांसातून घायपाताच्या दोराचा एक तंतू ओढून काढला. वीतभर लांब. घरी एका कोरड्या पेल्यात ठेवलाय. मागच्या आठवड्यात मी बोट लावून पाहिलं.

अजून ओला आहे.