गाईला फसवणारा सुतार

तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा आमच्या गोठ्यात, शेणात बसला होता. गाईनं लाथच अशी घातली होती की बादली उडाली ती थेट खालच्या घरच्या काकूच्या अंगणात. काकूनं तर तिच्यात पाणी भरून झाडांना घालूनही टाकलं होतं. खोटं वाटत असेल तर नका ऐकू.

घरात आई नि मी दोघीच. आईला न्यूमोनिया, माझा उजवा हात प्लास्टरमध्ये. शेजाऱ्यांनी न सांगता कामं वाटून घेतली — काकू जेवण पाठवायची, पोस्टमनकाका चारा कापून टाकायचे. धारेला मात्र कुणी टिकेना. गाय आईशिवाय कुणालाच पान्हा सोडत नव्हती. कास दगडासारखी झालेली. आणखी थोडे दिवस असंच चाललं असतं तर गाय हातची गेली असती, आणि घर तर तिच्याच दुधावर चालायचं.

"तुम्ही कोण?" मी विचारलं.

"नवा सुतार. कुंपण बघायला आलो होतो, काकूंनी इकडे ढकललं."

"धार काढता येते?"

"येते. पण... गाईचं मत वेगळं आहे."

मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी. त्यानं ते पाहिलं... आणि पाहतच राहिला.

"आईंची रोजची शाल मिळेल?"

शाल डोक्यावरून घेऊन तो पुन्हा बसला. खाली ह्या एवढ्या मिशा, वर फुलाफुलांची शाल. गाईनं मान वळवून हुंगलं, बराच विचार केला... आणि पान्हा सोडला.

"हसू नका, तिला कळेल," तो पुटपुटला.

"मी मिशांना हसतेय."

"काढून टाकू?"

"नको," मी म्हणाले. जरा जास्तच पटकन म्हणाले.

मग तो रोज येऊ लागला. धार झाली की काही ना काही ठोकत बसायचा. माझं प्लास्टर निघालं, आईचा खोकला थांबला, आणि एका सकाळी आई स्वतःच गोठ्यात जाऊन बसली. तो फाटकाशी आला — शाल डोक्यावर, हातात बादली — आणि तिथंच थबकला.

"बरं झालं," तो म्हणाला.

"हो... बरंच झालं." मी म्हणाले. आता हा कशाला येईल? "ते दार कुरकुरतंय."

"काल तेल घातलं."

"छप्पर?"

"परवाच झालं."

"आईची खाट..."

"नवे पाय बसवलेत. तुमच्या घरात मोडायला आता काही उरलं नाही." तो बादलीची कडी उगाच वर-खाली करत राहिला. "काही मोडलेलं नसताना आलो तर... चालेल?"

तोवर मी त्याला अहो-जाहोच करायची.

"ये," मी म्हणाले. "रोज ये."

तो तसाच उभा.

"आत ये म्हणतेय. दोघांचा चहा टाकते."

गोठ्यातून आईचा आवाज आला, "तिघांचा टाक गं. आणि जावयाला साखर किती लागते ते विचार."