वाळूने सोडलेले रेडियम

डॉ. शर्मिष्ठा कोचरेकर यांनी भाटीखोलच्या समुद्रातून आणलेले पिंप रोजच्याप्रमाणे स्टुलावर चढवले, तोटी सोडली आणि पाणी काळ्या धाग्याच्या गुंतवळ्यातून सावकाश गळू दिले. मँगॅनीजचा लेप दिलेला तो धागा पाण्यातले रेडियम धरून ठेवी. पाणी मोरीत जाई. पिंप रिकामे होईस्तोवर त्यांनी चहा टाकला, दूध नासलेले पाहून कोराच घेतला, मग धागा पिळून, झटकून किरणोत्सार मोजणाऱ्या गणकाच्या नळीत भरला. हात आपोआप चालत होते. पडद्यावर आकडा उमटला तेव्हा मात्र त्या खुर्चीत बसल्या. महिनाभर चढत असलेले रेडियम आज आणखी चढले होते.

पंपघर सांभाळणारी जयवंती खवणेकर दारातून डोकावली.

"मॅडम, वाढला मां? दुसऱ्या पंपाक नारळ आणून ठेवलंय."

"वाढलं."

"मगे तोंड असा कित्याक? सासरी चालल्यासारख्या?"

शर्मिष्ठाबाई हसल्या नाहीत. समुद्रतळातून पाझरून वाया जाणारे गोडे पाणी वाळूच्या थरातच अडवायचे आणि नऊ गावांना पुरवायचे, हे या सागरझरा केंद्राचे काम. पाझर डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून त्याच्याबरोबर खडकातून येणाऱ्या रेडियम, रेडॉन अशा माग दाखवणाऱ्या द्रव्यांवरून तो ओळखायचा. रेडियम जितके जास्त तितका पाझर मोठा, हे सूत्र बाईंनीच मांडले होते. दुपारी समिती त्याच सूत्रावर दुसरा पंप मंजूर करणार होती.

जयवंती गेली आणि भूजलतज्ज्ञ इक्बाल मुकादम आत आले. दोघे विद्यापीठात एकाच बाकावर बसलेले. त्यांनी खुर्चीवरचे ओले धागे बाजूला सारले.

"रेडॉन काय म्हणतो?" त्यांनी विचारले.

"जागचा हललेला नाही. पाणी वाढलं असतं तर दोन्ही वाढायला हवी होती."

"रेडॉन वायू आहे, वाऱ्यानं उडाला असेल. समिती हेच म्हणेल."

"समितीचं राहू दे. तू काय म्हणतोस?"

मुकादम खुर्चीत टेकले. "रेडॉन गोड्या पाण्यातून येतो तसा खाऱ्यातूनही. रेडियमचं तसं नाही. गोड्या पाण्यात ते वाळूच्या कणांना चिकटून राहतं. खारं पाणी लागलं की सुटतं."

"म्हणजे जी वाळू आजवर गोड्या पाण्यात होती, तिच्यात खारं शिरतंय. कणांवर साठलेलं सगळं एकदम सुटतंय. झरा वाढलेला नाही, इक्बाल. आपण उपसतोय आणि समुद्र आत येतोय."

"नळाचं पाणी तर गोड आहे."

"खारं जड असतं, ते खालून सरकतं. नळाला कळेल तोवर गावच्या विहिरी गेलेल्या असतील."

"मग दोन महिने थांब. तो साठा धुऊन निघाला की रेडियम धाडकन उतरेल. उपसा चालू आणि रेडॉन तसाच असून उतरलं, तर खारं शिरल्याचं समितीला मान्य करावंच लागेल."

"आणि विहिरी?"

मुकादम पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचू लागले.

"पंप आजच बंद केला तर?"

"खारं हळूहळू मागे हटेल. वाळू पुन्हा रेडियम धरू लागेल, आकडा उतरेल..." बोलता बोलता ते थांबले. "पंप चालू ठेव की बंद कर, तो दोन्हीकडून उतरतो, शर्मिष्ठा. बंद केलास, तर लोक तुझंच सूत्र तुझ्यापुढे धरतील. रेडियम उतरलं, म्हणजे बाईंनी वाहता झरा आटवला."

"विहिरी गोड राहतील."

"गोड विहीर हा पुरावा होत नाही. ती आधीही गोडच होती."

बाईंनी थंड झालेला कोरा चहा संपवला. समितीला दोन ओळी धाडल्या: पाझर वाढलेला नाही, खारे पाणी आत येत आहे, केंद्रप्रमुख म्हणून मी उपसा थांबवत आहे. रेडॉनची मापे सोबत जोडली. ती कोणी वाचेल असे त्यांना वाटले नाही.

पंपघरात त्यांनी जयवंतीला सगळे सरळ सांगितले.

"मगे नऊ गावांनी पियाचा काय?"

"टँकरचं. विहिरींचं पुरेल तेवढं."

"किती दिवस?"

"वर्षं म्हण. वीस तरी."

जयवंतीला घरची विहीर आठवली. "आमच्या परसातली बाव?"

"ती वाचेल. असं मला वाटतं."

"वाटता?"

"खात्री करून घ्यायची, तर ती घालवावी लागेल."

"लोक तुमका शिव्या घालतले, मॅडम."

"घालू देत."

बाईंनी बटण दाबले आणि झडपेचे चाक धरले. ते एकट्याने फिरेना. जयवंतीने पदर खोचला, दुसऱ्या बाजूने हात लावला. दोघींनी मिळून ते घट्ट बसेपर्यंत फिरवले. मग जयवंतीने फोन काढून घरी लावला.

"आये, हंडे भरून ठेव. टाकीत हा तेवढाच पाणी हा. नाय गो, काय बिघडूक नाय. भर म्हणतंय मां."