खालच्या दिव्यावरचं नाव

"खाली? दिवे खाली लावतोस? अरे मुडद्या, खालचा दिवा मेलेल्यांचा असतो!"

पेर्सा मावशी सगळ्या बायकांसमोर माझ्यावर ओरडली. मीही ऐकून घेणाऱ्यातला नाही.

"मावशी, ही गांजाची झाडं आहेत. चर्च नाहीये. जा, पानं कापत बस."

"आई तिकडं इटलीत म्हाताऱ्यांचं गू-मूत काढते आणि इथं तुझ्या तोंडाला कुणाचा आवर नाही!"

आईवर गेली म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं.

पुढं जे सांगतोय ते खरं आहे. हसायचं तर हसा. पण मी तिथं होतो, आणि ज्यामुळं हे झालं ते मीच केलंय.

जागा, आमच्या श्टिप गावाबाहेरची शर्टांची जुनी फॅक्टरी. शर्ट कधीच बंद झाले. आता तिथं परवाना काढून औषधासाठी गांजा पिकवतात. दिवस, नोव्हेंबरातला पितरांचा शनिवार. वेळ, दुपारी एक.

हो, दुपारी एक. पण आमच्या हॉलमध्ये तेव्हा मध्यरात्र असते.

वीज रात्री स्वस्त. म्हणून दिवे रात्री दहाला लागतात आणि सकाळी दहाला विझतात. नंतर दिवसभर आत मिट्ट काळोख. त्या काळोखात उजेड शिरला की झाडं बिघडतात, तुऱ्यांत बी धरतं, अख्खं पीक वाया. जायचंच झालं तर डोक्याला हिरवा दिवा बांधून जायचं. हिरव्याचं झाडांना काही वाटत नाही.

हा सगळा हॉल माझी बहीण सांभाळते. झाफिर्काताई. चोवीस वर्षांची. आई इटलीला गेली तेव्हापासून मला तिनंच वाढवलं. शाळेनं हाकलल्यावर इथं कामालाही तिनंच चिकटवलं. तिच्याशिवाय मला इथं कुणी नाही.

बाजूच्या दिव्यांची कल्पनासुद्धा तिचीच. वरच्या दिव्यांचा उजेड शेंडेच खाऊन टाकतात. खालचे तुरे सावलीत राहतात, फुसके निघतात. म्हणून रांगांच्या मधे, गुडघ्याएवढ्या उंचीवर, लांब नळ्यांसारखे दिवे बसवायचे. ते काम माझ्याकडं होतं.

पेर्सा मावशीनं याच हॉलमध्ये सव्वीस वर्षं शर्ट शिवलेत. आणि आमच्याकडं चर्चमध्ये मेणबत्त्या दोन जागी लावतात. वर जिवंत माणसांच्या. खाली वाळूत मेलेल्यांच्या. आंधळी म्हातारीसुद्धा चाचपून बघते, पण उलटं करत नाही. तेच मावशीच्या डोक्यात बसलेलं.

प्रत्येक रांग एकेका बाईकडं असते. तिच्या नावाची चिकटपट्टी वरच्या दिव्याला असते.

भांडण शुक्रवारी सकाळी झालं. बायका बाहेर गेल्या. दहाला दिवे विझायच्या आत मी सगळ्या पट्ट्या सोडवल्या...

आणि खालच्या दिव्यांना लावल्या.

मुद्दाम. म्हातारीला डिवचायला.

पाचव्या रांगेवर ताईचं नाव होतं. ते चिकटवताना माझा हात जरासुद्धा थांबला नाही.

शनिवारी सगळ्या बायका उकडलेले गहू आणि वाइन घेऊन कबरींवर गेल्या. फॅक्टरीत आम्ही दोघंच. ताई बाहेर स्क्रीनसमोर बसली होती.

"क्रुम्या, आत दमटपणा वाढतोय. पंखे बंद पडलेत बहुतेक. बघून ये. आणि मोबाइल इथं ठेव."

"का?"

"आत उजेड करशील. तुझा काय भरवसा?"

मी मोबाइल आपटला, डोक्याला हिरवा दिवा बांधला आणि आत गेलो. दार मागं लागलं.

पंखे खरंच बंद होते. त्या हॉलमध्ये कायम घूं-घूं चालू असते, इतकी की ती ऐकूच येत नाही. आता नव्हती.

माझ्या बुटांचा आवाजही येत नव्हता.

मी पाय आपटून बघितला... तरी नाही.

आणि मग... पुढं खाली उजेड दिसला.

पाचवी रांग.

आधी मला रागच आला. वाटलं, कुणा गाढवानं दिवा चालू ठेवला. मग आठवलं, पाचव्या रांगेला मी अजून वीज जोडलेलीच नव्हती. वायर तिथंच गुंडाळून पडली होती.

उजेड पांढरा नव्हता. पिवळा होता. हलत होता.

मेणाचा वास येत होता.

मी खाली वाकलो.

वरून उजेड पडतो तेव्हा पानांखाली काय आहे ते कधीच दिसत नाही. बाजूनं पडला की सगळं दिसतं.

पाय.

कुंड्यांच्या मधे, ओळीनं. बायकांचे पाय. जाड मोजे, घरातल्या चपला. टाचा वर-खाली... वर-खाली... शिलाई मशीन चालवताना होतात तशा. आवाज काही नाही.

गुडघ्यांच्या वर काहीच नव्हतं. नुसती पानं.

एका जागी पायही नव्हते. फक्त निळ्या चपला. शेजारी शेजारी, नीट मांडलेल्या. कुणीतरी येऊन घालणार असल्यासारख्या.

तेवढ्यात दारापलीकडून ताईचा आवाज आला. "क्रुम्या, मेलास का आत? थांब, मीच येते."

पाय थांबले.

सगळे. एकदम.

आणि पंजे दाराकडं वळले.

"येऊ नकोस!" मी बोंबललो. वर घाणेरड्या शिव्या दिल्या, ती चिडून तरी बाहेर थांबेल म्हणून. दिव्यावरची पट्टी ओरबाडली. दिवा बर्फासारखा गार होता... पट्टी चटका बसेल इतकी तापलेली. रांगेतल्या ढकलगाडीवर चढलो आणि ताईचं नाव वरच्या दिव्याला दाबून धरलं.

खालचा उजेड गेला.

पंखे सुरू झाले.

दार उघडलं. ताईच्या कपाळावरचा हिरवा दिवा माझ्याकडं आला.

"कुणाला शिव्या देत होतास रे?"

"उंदीर होता."

"उंदराच्या आईपर्यंत गेलास?" ती हसली. मग नाक वर करून म्हणाली, "इथं मेणबत्ती कुणी लावली?"

त्याच दिवशी उरलेल्या सगळ्या पट्ट्या मी वर लावल्या. ताईला काही बोललो नाही. तिचं नाव मी स्वतः खाली लावलं, हे कुठल्या तोंडानं सांगणार?

रविवारी पेर्सा मावशीच्या घरी गेलो. वाटलं, झाडूनं मारेल. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "रिकाम्या चपला कुठल्या रंगाच्या?"

"निळ्या."

तिनं छातीवर क्रूस काढला.

"नवी मुलगी कामाला येणार असली की आम्ही निळ्या चपला मांडून तिच्यासाठी अशीच जागा धरून ठेवायचो."

"पण मी नाव वर लावलं ना, मावशी!"

"लावलंस. पण त्यांनी आधीच वाचलं असेल, तर?"

त्याला आज अकरा दिवस झाले. ताईला म्हटलं, हे काम सोड, दुसरीकडं बघू. "काढणी झाली की बघू," म्हणाली. हल्ली रोज दुपारी ती एकटीच आत जाते. पंखे बघायला, म्हणते. पंखे नीट चाललेत. मी सोबत येतो म्हटलं की वसकन अंगावर येते. ताई कधी अशी नव्हती.

आज मला सुट्टी आहे. घरी बसून हे टाइप करत होतो, तेवढ्यात मावशीचा फोन आला. हॉलचं दार आतून लावलंय. ताईला हाका मारल्या तर ओ देत नाही.

पण आत कुणाशी तरी बोलतेय, म्हणाली. हसतेय.

लिहिलेलं परत वाचून बघायला वेळ नाही. मला निघायला हवं.