वाचणारा दुसरा

असुन्सियोनमध्ये जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा; दुपारी कुणी शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. म्हणूनच वाचनालयाची मागची खोली दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, ऐन वामकुक्षीच्या वेळी, त्यांच्या गटाला फुकट मिळायची. त्या शनिवारी दोघंच आले होते: निदिया ओकाम्पोस आणि पन्नाशीतला परिचारक देर्लिस. टेबलावर बर्फाच्या पाण्याचा थर्मास, येर्बा या चहासारख्या कडवट पाल्याने भरलेला शिंगाचा प्याला, त्यात धातूची नळी. या थंड पेयाला तेरेरे म्हणतात; त्याचा प्याला एकच असतो आणि तो फिरतो. रिकामा प्याला नळी ओतणाऱ्याकडे वळवून परत द्यायचा आणि पुरे झालं असेल तरच 'धन्यवाद' म्हणायचं. तोवर ओतणारा भरत राहतो.

त्यांचा गट खेड्यांतल्या दवाखान्यांसाठी एक प्रोग्राम लिहायचा, लसींच्या फ्रीजचं तापमान बिघडलं की घंटा वाजवणारा. कोड सगळ्यांना खुला, पगार कुणालाच नाही आणि नियम एकच: दुसऱ्या कुणी वाचून मंजूर केल्याशिवाय एक ओळही आत जायची नाही. हे वाचण्याचं कंटाळवाणं काम बारा वर्षं गटातल्या ज्येष्ठ आर्सेनियोंनी केलं. नवख्याने कितीही गोंधळ घालून ठेवला तरी त्यांचा शेरा ठरलेला, "छान केलंस. आता एक गोष्ट बघूया." मग ती एक गोष्ट समजावत ते तासन्‌तास बसत. निदियालाही त्यांनीच श्रीगणेशापासून शिकवलं होतं.

नोव्हेंबरात ते गेले. मंजुरी देण्याचं त्यांचं खातं मात्र चालूच होतं, आणि मालक नसलेलं खातं म्हणजे उघडं दार. ते बंद करायचं काम निदिया दोन महिने टाळत होती. दुःख होतंच, पण लाज त्याहून मोठी होती. आर्सेनियो इस्पितळात असताना तिने घाईत त्यांना निरोप धाडला होता, "तुम्ही फक्त मंजूर करा, मी तपासलंय." आयुष्यात एकदाच त्यांनी न वाचता मंजूर केलं, तिच्यासाठी. चौथ्या दिवशी ते वारले.

देर्लिसने पहिला प्याला सवयीने आर्सेनियोंच्या खुर्चीसमोर ठेवला आणि ओशाळून हसला. पण उचलला नाही.

निदियाने मंजुरी देणाऱ्यांच्या यादीतून त्यांचं नाव खोडलं आणि बदल वाचायला पाठवला. यंत्राने आपल्या अकलेने वाचणारा निवडला: आर्सेनियो विलाल्बा.

"घ्या, त्यांच्याच नावावर काट मारायला त्यांनाच बोलावलंय," देर्लिस म्हणाला.

ती हसली. तेवढ्यात पडद्यावर शेरा उमटला.

"छान केलंस, निदिया. आता एक गोष्ट बघूया."

खातं चोरीला गेलं, हेच दोघांच्या मनात आलं. देर्लिसने नोंदी उघडल्या. "शेरा ह्याच खोलीच्या इंटरनेट जोडणीवरून आलाय," तो म्हणाला.

खोलीत दोनच लॅपटॉप होते, दोन्ही त्यांचे. बाहेर चिटपाखरू नव्हतं. पंख्याच्या गरम वाऱ्यात पुदिन्याचा वास येत होता. आर्सेनियोंच्या पाण्यात नेहमी पुदिना असायचा. आज थर्मासमध्ये नुसतं पाणी होतं.

शेऱ्याखाली एका जुन्या ओळीचा पत्ता होता. ओळ नोव्हेंबरातली. तिची.

तिने वाचली. पुन्हा वाचली. फ्रीज तापला तर घंटा वाजत होती. गोठला तर वाजत नव्हती. गोठून बिघडलेली लस दिसायला चांगलीच दिसते.

"चूक माझी आहे, देर्लिस," ती म्हणाली. "आणि खाली नाव त्यांचं लागलंय."

देर्लिसने कपाळाचा घाम पुसला. "डिसेंबरात एका सकाळी आमच्या दवाखान्याच्या फ्रीजमध्ये बर्फ दिसला होता. घंटा वाजली नाही, म्हणून मी त्याच लसी टोचल्या. सोमवारी सगळ्या पोरांना परत बोलवायला हवं."

तिने ओळ दुरुस्त केली. पाठवली.

"मंजूर. या वेळी वाचलं. आर्सेनियो विलाल्बा."

तिला रडू फुटलं. डोळे पुसून तिने नाव खोडण्याचा बदल पुन्हा उघडला. तिथे मंजुरी नव्हती. एक नवा शेरा होता.

"अजून वाचतोय."

देर्लिसने तिच्या दंडाला हात लावला. तो खुर्चीकडे बघत होता.

प्याला रिकामा होता. नळी ओतणाऱ्याच्या बाजूला वळवून ठेवलेली.

'धन्यवाद' म्हटलेलं दोघांनीही ऐकलं नव्हतं. देर्लिसने थर्मास उचलला आणि प्याला पुन्हा भरला.