शेवटचं पान

क्योतोच्या उत्तरेला, देवदारांच्या उतारावर एक लहानसं बौद्ध देऊळ आहे. ऑगस्टात तिथल्या पोथ्यांना वारा दाखवतात. त्याच दिवसांत चिझुरू मिनेगिशी तिथे आली. साडेतीनशे वर्षांपूर्वी ऐन तारुण्यात देवीच्या आजाराने गेलेल्या एका सम्राटाच्या कारकिर्दीचा ती बारा वर्षं अभ्यास करत होती. त्याच्या उशाशी बसणाऱ्या दासीची रोजनिशी इथे सापडली होती.

"बाई, जेवायचं भान ठेवा हो," देवळाची देखभाल करणाऱ्या शिनोआजी चहा ठेवत म्हणाल्या. "शिकलेल्यांची पोटं अक्षरांनीच भरतात वाटतं!"

चिझुरू हसली. दुपारपर्यंत ती सम्राटाच्या मृत्यूपाशी पोचली. 'पहाटे श्वास थांबला.' तिने पान उलटलं.

'आज महाराजांनी दोन घास पेज घेतली.'

अक्षर तेच, शाई तीच, तारीख दुसऱ्या दिवसाची. दुःखाने बिचारीचं भान सुटलं असेल, असं म्हणत चिझुरूने ते टिपून घेतलं.

पुढच्या पानावर महाराज कुशीवर वळले. त्याच्या पुढच्यावर फोड सुकू लागले. बाहेर रातकिड्यांसारखे किरकिरणारे झाडांवरचे किडे कधी थांबले, तिला कळलंच नाही. घसा दुखत होता. चहाचा घोट उतरेना.

'महाराजांचा ताप उतरला. वाचणारीला चढला.'

तिने कपाळाला हात लावला. चटका बसला. मनगटाच्या आत मोहरीएवढे लाल ठिपके उठले होते. सकाळी तिथे काही नव्हतं.

एकच पान उरलं होतं. पातळ कागदातून पलीकडची अक्षरं उमटून दिसत होती: 'आज महाराज उठून...'

तिने वही मिटली. दोन्ही हातांनी दाबून धरली.

"आजी!"

दार सरकलं. शिनोआजी उंबऱ्यातच गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी तिचं मनगट पाहिलं.

"शेवटचं पान उलटलंत?"

"नाही."

"शहाण्या आहात. आमच्या ह्यांनी उलटलं होतं."

"आजी, मला दवाखान्यात..."

"नेते. हळू उठा. पाठ वळवू नका."

मग त्यांनी कपाळ चटईला टेकवलं. पण चिझुरूच्या दिशेने नव्हे.

"महाराज," त्या अदबीने म्हणाल्या, "आज वाचन इथवरच."



चिझुरूच्या शेजारची रिकामी गादी मधोमध दबलेली होती. ती हळूहळू फुगून वर आली, बसलेलं माणूस उठल्यावर येते तशी.