विस्तवाचं गाणं

"अहो, ती फळं लग्नाच्या दारूत घालायची आहेत!"

मी ओरडले तसा झुडपामागचा माणूस इतका दचकला, की त्याच्या ओंजळीतली फळं उतारावर घरंगळत गेली. ओठ काळेजांभळे, हनुवटी काळीजांभळी... नाही म्हणायला जागाच नव्हती.

"मला वाटलं, रानातली आहेत."

"रानातलीच आहेत. पण मी वेचतेय. या महिन्यात माझ्या ताईचं लग्न आहे."

त्याचा चेहरा पडला. "कुणाचं? चोंगांच्या घरचं? म्हणजे तू मुलीकडची?"

"आणि तुम्ही?"

"मुलाकडचा," तो मटकन खाली बसला. "आचारी. लान शुइगन."

चीनच्या डोंगरांतल्या आम्हा शे लोकांत लग्नाचं जेवण मुलाकडचा आचारी मुलीच्या घरी येऊन रांधतो. पण त्याला स्वयंपाकघर मिळतं ते रिकामं. कढई हवी? कढईचं गाणं म्हणा. पळी हवी? पळीचं म्हणा. मुलीकडच्या बायका दार अडवून उभ्या राहतात आणि एकेक वस्तू गाण्याच्या बदल्यात देतात. त्यात आमची मामी म्हणजे नुसता कहर. आई गेल्यावर तिनंच आम्हा दोघी बहिणींना वाढवलं. पंचक्रोशीत गाण्यात तिच्यापुढे कुणी टिकत नाही.

"मग गात असालच छान," मी म्हटलं.

"तेच तर येत नाही ना! ठरलेला आचारी पाय मोडून बसलाय. मला हाताला चव आहे म्हणून पाठवतायत. गळ्याचं कुणी विचारलंच नाही."

त्यानं एक ओळ म्हणून दाखवली. हसू दाबायला मी तोंडात मूठभर फळं कोंबली.

"हस तू. चूल पेटली नाही तर वऱ्हाड उपाशी जाईल. नवरा मुलगा माझा भाऊच, त्याचं नाक कापलं जाईल."

आणि ताईचं? 'हिच्या लग्नात चूल पेटली नव्हती' हे तिला जन्मभर ऐकावं लागलं असतं. मी त्याला शिकवायचं ठरवलं – ताईसाठी. निदान तेव्हा तरी ताईसाठीच.

काळ्या भाताचं ते झुडूप ही आमची शाळा झाली. वसंतात त्याच्या कोवळ्या पानांच्या रसानं आमच्या घरोघरी भात काळा होतो, तेव्हा सगळं गाव तिथं असतं. शरदात मात्र फळं वेचायला कुणीतरी एकच जातं. मी रोज टोपली घेऊन निघायचे. मुलीकडचीच शिकवते आहे हे मामीला कळलं तर... पुढचा विचारच नको वाटायचा.

"सुरीचं म्हणा."

तो म्हणायचा. अडखळायचा. एक फळ तोंडात टाकून पुन्हा म्हणायचा.

"खाऊ नका हो! टोपली भरत नाही, मामी विचारते."

"गोड आहेत. आणि आधी ते 'अहो' सोड ना... फार म्हातारा वाटतो मी."

"बरं. खाऊ नकोस रे."

"हे त्याहून गोड आहे."

माझे कान तापले. मी पटकन फुंकणीचं गाणं सुरू केलं, तेही चुकीच्या चालीत.

"याला फुलं केव्हा येतात?" त्यानं एकदा विचारलं.

"उन्हाळ्यात. पांढरी, इवल्या घंटांसारखी."

"तेव्हा येशील इथं?"

"तेव्हा मधमाश्या असतात. शिकवण्या नसतात."

तो नुसता बघत राहिला... आणि मला भीतीच वाटायला लागली. त्याची नव्हे, माझीच. कारण घरी मामी चारचौघांत सांगत होती, "ज्याला गाता येत नाही, त्याच्या घरी आमची धाकटी सूमेइ जायची नाही."

आता एकच गाणं राहिलं होतं, विस्तवाचं. सगळी भांडी मिळाली तरी चूल थंडच असते, विस्तव शेवटी मागायचा असतो. ते त्याला तेव्हाच शिकवता आलं असतं. ऊनही होतं अजून.

"विस्तवाचं उद्या," मी म्हणाले.

"उद्या नक्की?"

"नक्की."

दुसऱ्या दिवशी टोपली उचलली, तर मामी उंबऱ्यात उभी. "कुठं निघालीस? मी जाऊन आले सकाळी. झुडपावर एक फळ उरलेलं नाही. बस इथं, तांदूळ निवड."

मी तांदूळ निवडत बसले. डोंगरावर धुकं उतरलं. तो तिथं बसला असेल, उठला असेल, पुन्हा बसला असेल... माझ्या हातून खडे तांदळात आणि तांदूळ जमिनीवर पडत होते. त्यानंतर मामीनं मला एकटं सोडलंच नाही, आणि लग्नाचा दिवस उजाडला.

दुपारी शुइगन आला. पाठीवर मांस, भाज्या, कपाळावर घाम. दारात मामी, मावश्या, मैत्रिणी... आणि त्यांच्यामागे मी.

कढई मागितली, मिळाली. सुरी, पळी, भाताचं लाकडी पिंप, फुंकणी... आवाज बेसूर होता, पण शब्द एकही चुकला नाही. बायका कुजबुजल्या, "तयारीनं आलाय गं!" बाहेर पाहुणे जमत होते.

"सगळं मिळालं," मामी म्हणाली. "मग रांध की."

त्यानं चुलीत पाहिलं. काळी, गार. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, क्षणभरच. मी तोंड उघडलं असतं तर सगळं कळलं असतं. मी भित्री, मावशीच्या पाठीआड सरकले. बाहेर कुणीतरी विचारलं, "धूर कसा दिसत नाही?"

शुइगननं डोळे मिटले आणि गायला लागला.

"विस्तवाचं गाणं ती उद्या म्हणाली,
उद्या मी डोंगरावर वाट पाहिली.
धुकं आलं, पाखरं आली, ती काही आली नाही,
गाणं नाही माझ्याकडं, तिचा रागही नाही."

बायकांच्या माना एकमेकींकडे वळल्या.

"कोण ती?" मामीनं निखाऱ्यांची शेगडी पायामागे ओढली. "नाव सांग आणि विस्तव घेऊन जा."

"नाव नाही सांगणार."

"मग तुझ्या भावाचं वऱ्हाड उपाशी जाईल."

"पाया पडतो, मामी. दुसरं काहीही मागा... नाव नका मागू."

त्याचा आवाज फाटला होता. आतल्या खोलीत ताई नटून बसली होती, तिला सगळं ऐकू जात असणार. आणि मग कुणीतरी गायला लागलं... ती मीच होते.

"सगळी गाणी एका दिवशी शिकवली असती,
पुन्हा भेटायाला मग सबब कुठली असती?
एक गाणं मागं ठेवलं, लोभ झाला मला,
विस्तव द्या हो मामी, आणि बोल लावा मला."

मावशीनं तोंडावर हात ठेवला. मामी माझ्याकडे पाहत राहिली. रागानं की कशानं, मला कळेना.

"मुलीकडची असून मुलाकडच्याला शिकवलंस?"

"हो."

"तो आवडतो?"

इतक्या बायकांसमोर! पण आता लपवायला उरलंच काय होतं?

"हो, मामी. फार."

मामी शुइगनकडे वळली. "हे आत्ताचं गाणं कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. माझंच... वेडंवाकडं."

"वेडंवाकडं आहेच," मामी म्हणाली. "पण गाणं आहे."

तिनं शेगडी पुढे सरकवली. शुइगननं निखारे चुलीत घातले, फुंकणी लावली, आणि लाकडं तडतडायला लागली. मैत्रिणी एकच कालवा करत धावल्या. विस्तव मिळाला की मुलाकडच्या माणसाच्या तोंडाला काजळी फासायची, ही आमची रीत. त्याचं नाक, गाल, कान, काही सुटलं नाही.

मग मामीनं स्वतः कढईच्या बुडावर बोटं घासली. शुइगननं निमूट गाल पुढे केला. पण ती त्याला ओलांडून माझ्याकडे आली आणि माझ्या गालावर चार बोटं ओढली.

"मामी, मी तर आपल्याकडची..."

"होतीस," मामी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण सूर नेहमीचाच, करडा. "आता उभी काय राहतेस? त्याला कांदे चिरून दे. पाहुणे खोळंबलेत."